स्नायूंचा पाठ आणि उठाबशा

स्नायूंचा पाठ बहुधा फळ्यावरील आकृतीने सुरू होतो. आकृती सुबक असते, मुले नावे पाठ करतात. परंतु स्नायू काय करतो हे त्यांस उमगत नाही. पाठाचा आरंभ मुलाच्या स्वतःच्या दंडापासून करणे अधिक फलदायी होय. मुलाने उजव्या हातात दप्तर घ्यावे, डावा तळवा उजव्या दंडाच्या पुढील बाजूस ठेवावा आणि कोपर सावकाश वाकवावे. तळव्याखालचा द्विशिर स्नायू आखूड व टणक होत असल्याचे त्यास आपोआप कळते. नंतर दप्तर ठेवून, तळवा दंडाच्या मागे नेऊन उजव्या हाताने बाक खाली दाबावे. आता मागचा त्रिशिर स्नायू टणक होतो.

यावरून मुलांकडूनच नियम वदवून घ्यावा : स्नायू ओढू शकतो, ढकलू शकत नाही. विहिरीवरील दोराने बादली वर ओढता येते, त्याच दोराने ती खाली ढकलता येत नाही. तसेच हे आहे. म्हणून हाड एका दिशेस नेण्यास एक व परत आणण्यास दुसरा, अशी स्नायूंची जोडी लागते.

शरीरात सहाशेहून अधिक अस्थिस्नायू आहेत. ते कंडरांनी हाडांस बांधलेले असतात. टाचेच्या वर चिमटीत सापडणारी जाड दोरी ही अशीच एक कंडरा. स्नायूच्या आत अ‍ॅक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे सूक्ष्म तंतू असतात. हे तंतू स्वतः आखडत नाहीत, तर एकमेकांच्या मधून सरकतात, असे १९५४ साली शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडले. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत सरकवून हे वर्गात दाखविता येते.

आता एक प्रश्न अवश्य विचारावा : हातातील भरलेली बादली कोपर उलगडत सावकाश खाली नेताना दंडाचा कोणता स्नायू काम करतो? बहुतेक मुले ‘मागचा’ म्हणतात. तळवा ठेवून पाहिले असता पुढचाच टणक लागतो. तो लांबत असतो, तरी ओढ सोडीत नाही.

उभ्याने खाली बसताना मांडीच्या पुढील स्नायूंची हीच अवस्था होते, आणि सवय नसलेल्या स्नायूचे तंतू अशा कामात सर्वाधिक दुखावतात. वेदना त्याच दिवशी फारशी जाणवत नाही. ती एक ते तीन दिवसांत वाढते. सोमवारी पुष्कळ उठाबशा काढलेले मूल बुधवारी शाळेच्या पायरीशी अडखळते, ते ढोंग नव्हे. या दुखण्याचे कारण लॅक्टिक आम्ल, असे जुन्या पुस्तकांत आढळते. पण ते श्रमानंतर सुमारे तासाभरात रक्तातून निघून गेलेले असते.

शिक्षा म्हणून शे-दोनशे उठाबशा एकदम काढावयास लावणे त्याहून गंभीर आहे. तंतू मोठ्या प्रमाणावर फुटतात, त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरते व मूत्रपिंडास इजा होऊ शकते. ऊन असेल, मूल तहानलेले असेल, तर धोका वाढतो. मांड्या सुजल्या, असह्य दुखू लागल्या अथवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मालिश करीत न बसता मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे. अशी शिक्षा कायद्यासही मान्य नाही. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेस मनाई केली आहे.

उठाबशा मुळात उत्तम व्यायाम आहे, हे मात्र विसरू नये. थोडे श्रम, मग विसावा व पुरेसे अन्न मिळाले की दुखावलेला तंतू सावरतो आणि तेच काम पुढील खेपेस कमी दुखते. म्हणून आरंभी पाच-सातच काढवाव्यात, एक-दोन दिवसांच्या अंतराने दोन-दोन वाढवाव्यात, आणि मूल ‘पुरे’ म्हणाले की थांबू द्यावे.