मॉनिटर घेताना नुसता पन्हा पाहू नका

आज आपल्या व्यापाराचा बहुतेक कारभार संगणकावर आला आहे. बिल, जी.एस.टी.चे विवरण, ई-वे बिल, मालाचा साठा, उधारी, सारे काही त्यातच. आपले बांधव माग घेताना दहा ठिकाणी चौकशी करतात, सूत घेताना धागा बोटांत धरून पाहतात. पण ज्या काचेवर मुनीम आणि कारागीर दिवसाचे आठ-दहा तास नजर लावून बसतात, तो मॉनिटर मात्र दुकानदार देईल तो उचलून आणतात. आम्हीही तेच केले आणि नुकसान सोसले. त्यातून जे शिकलो ते वाचक बांधवांपुढे मांडत आहोत.

भिवंडीच्या आमच्या पेढीत सुताच्या मागणीची यादी एक्सेलवर असते. त्या वेळी जुना १९ इंची मॉनिटर होता. यादी उजवीकडे सरकवली की डावीकडचे पार्टीचे नाव नजरेआड होई. एका संध्याकाळी मुनीमजींची नजर एक ओळ खाली घसरली आणि ६० काउंटचे सूत मागणाऱ्या मागवाल्याकडे ८० काउंटचे सूत गेले. दोन्ही वेळचे गाडीभाडे आमच्या अंगावर पडले, त्याचे माग दोन दिवस बंद राहिले आणि ज्याच्याशी वीस वर्षांचा व्यवहार, त्याच्यापुढे मान खाली घालावी लागली. आम्ही मुनीमजींना चार शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीत स्वतः तासभर बसलो, तेव्हा कळले की चूक निम्मी त्यांची आणि निम्मी आमची होती.

मग घाईघाईने ३२ इंची मॉनिटर आणला. तो लावल्यावर दिसले की यादीचे रकाने जेमतेम पहिल्याइतकेच मावतात, फक्त अक्षरे जाड आणि खडबडीत झाली आहेत. पैसे गेले, अडचण तशीच राहिली. असे का झाले?

पन्हा आणि पोत

कापडवाल्याला हे समजावणे सोपे आहे. कापडाचा पन्हा ५८ इंच आहे, एवढ्यावरून कोणी भाव ठरवत नाही. इंचात ताण्याचे धागे किती, बाण्याचे पिक किती, हे आपण आधी विचारतो. मॉनिटरचेही तसेच आहे. ३२ इंच हे काचेचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे माप झाले. त्या काचेवर प्रकाशाचे बारीक टिपके असतात, त्यांना पिक्सेल म्हणतात. आडवे किती आणि उभे किती टिपके, यालाच रिझोल्यूशन म्हणतात. बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात:

फुल एच.डी. : १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख टिपके.
क्यू.एच.डी. : २५६० × १४४०, म्हणजे सुमारे ३७ लाख.
फोर-के : ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख.

आता इंचाचा हिशोब करा. २४ इंची फुल एच.डी. मॉनिटरवर एका इंचात सुमारे ९२ टिपके बसतात. तेच टिपके ३२ इंचावर पसरले की इंचात ६९ उरतात. आमची फसगत झाली ती इथेच. पन्हा वाढला, पण धागे तेवढेच राहिले आणि कापड विरळ झाले. २७ इंची क्यू.एच.डी.मध्ये इंचाला सुमारे १०९, ३२ इंची फोर-केमध्ये १३८ आणि २७ इंची फोर-केमध्ये १६३ टिपके असतात. टिपके जितके दाट, तितके अक्षर स्वच्छ आणि डोळ्यांना त्रास कमी.

अक्षर बारीक होते, त्याचे काय?

टिपके दाट झाले की अक्षरही लहान दिसते. त्यासाठी विंडोजमध्ये स्केलिंगची सोय आहे. फोर-के मॉनिटरवर ती १५० टक्के ठेवली तर जागा क्यू.एच.डी.इतकी मिळते, पण अक्षर त्याहून रेखीव दिसते. एक्सेलची साधी ओळ सुमारे २० टिपके उंच असते. फुल एच.डी.वर अशा जास्तीत जास्त ५४ ओळी बसू शकतात, तर १५० टक्के ठेवलेल्या फोर-केवर ७२. वरच्या पट्ट्यांची जागा दोन्हींतून वजा करा. रुंदीतही तेवढाच फायदा होतो, म्हणून पार्टीचे नाव आणि सुताचा काउंट एकाच नजरेत येतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. हिशोबाची काही जुनी सॉफ्टवेअरे स्केलिंगमध्ये धूसर दिसतात. खरेदीपूर्वी आपला लॅपटॉप दुकानात न्या आणि आपलेच सॉफ्टवेअर त्या मॉनिटरवर उघडून पाहा. धूसर दिसत असेल तर २७ इंची क्यू.एच.डी. घेऊन स्केलिंग १०० टक्क्यांवर ठेवणे बरे.

जॅकार्डचे काम करणाऱ्यांसाठी

जॅकार्डच्या नक्षीत आलेखाचा एकेक चौकोन म्हणजे ताणा आणि बाणा जिथे एकमेकांना छेदतात ती जागा. २६८८ हुकांच्या जॅकार्डची नक्षी २६८८ चौकोन रुंद असते. फुल एच.डी. मॉनिटरवर आडवे टिपकेच १९२०, म्हणजे एका चौकोनाला एक टिपका दिला तरी पूर्ण नक्षी मावत नाही. ती लहान करून पाहावी लागते आणि एखादा चुकलेला चौकोन त्यात लपून जातो. तो सापडतो थेट विणलेल्या कापडात, आणि तेव्हा ताकेच्या ताके वाया गेलेले असतात. फोर-केवर ३८४० टिपके असल्याने ती नक्षी पूर्ण रुंदीने एकदम पाहता येते. नक्षीकारासाठी फोर-के म्हणजे कामाचे हत्यारच आहे.

रंगाबाबत मात्र कोणत्याही मॉनिटरवर आंधळा भरवसा ठेवू नका. आय.पी.एस. जातीचा पॅनेल घ्या. त्यात बाजूने पाहिले तरी रंग फारसा बदलत नाही, त्यामुळे गादीवर बसलेले तिघे-चौघे एकच रंग पाहतात. टी.एन. जातीच्या पॅनेलमध्ये मान थोडी हलवली तरी छटा बदलते. एस.आर.जी.बी. हे रंगाचे प्रमाण पूर्ण आहे की नाही तेही विचारा. तरीही मॉनिटर स्वतःच्या उजेडाने रंग दाखवतो, तर कापड बाहेरचा उजेड परतवून दाखवते. म्हणून शेडचा शेवटचा सौदा कापडाच्या तुकड्यावरच करावा.

वायर, टी.व्ही. आणि बसणे

फोर-के मॉनिटरला जुनी वायर लावली तर पैसे पाण्यात जातात. एच.डी.एम.आय. १.४ वर फोर-केचे चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा बदलते आणि माउसचा बाण अडखळत चालतो. ६० वेळांसाठी संगणक, वायर आणि मॉनिटर तिन्ही किमान एच.डी.एम.आय. २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ चे हवेत.

काही बांधव मॉनिटरऐवजी ४३ इंची फोर-के टी.व्ही. लावतात. तिथे इंचाला सुमारे १०२ टिपके मिळतात, ते पुरेसे आहेत. पण अनेक टी.व्ही. रंगाची माहिती कमी करून दाखवतात, त्यामुळे लाल अक्षरांच्या कडा पसरतात. बाकीची रक्कम लाल अक्षरात लिहिणाऱ्यांनी हे आधी तपासावे.

मॉनिटर हातभर अंतरावर असावा आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. चाळिशीनंतर दुहेरी भिंगाचा चष्मा लागलेल्यांनी तो आणखी खाली घ्यावा, नाहीतर मान वर करून मानेचे दुखणे जडते. म्हणून उंची कमी-जास्त होणारा स्टँड असलेलाच मॉनिटर घ्या. खिडकी पाठीमागे नको, आणि काच चकचकीत नसावी.

पैशाचा हिशोब

पूर्वी ३२ इंचाहून मोठ्या मॉनिटरवर जी.एस.टी. २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्याने आपला जी.एस.टी. क्रमांक घालून बिल घेतले आणि वस्तू धंद्यासाठीच वापरली, तर हा कर वजावटीत मिळतो. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना ही वजावट नाही.

‘नो कॉस्ट’ हप्त्यांबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. क्रेडिट कार्डाच्या अशा योजनेत बँक बहुधा व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट देतो एवढेच, आणि त्या व्याजावर जी.एस.टी. वेगळा पडतो. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांनी रोख भाव विचारावा. तीच सूट पुष्कळदा रोखीतही मिळते.

पैसे देण्यापूर्वी मॉनिटर पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा करून पाहा. मेलेला टिपका असला तर तेव्हाच दिसतो. किती टिपके मेले तर कंपनी मॉनिटर बदलून देते, हे लेखी घ्या.

थोडक्यात सांगायचे तर, साध्या हिशोबाला २७ इंची क्यू.एच.डी. पुरतो. मोठ्या याद्या आणि नक्षीकामाला ३२ इंची फोर-के घ्यावा. ३२ इंची फुल एच.डी. कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

आमच्या पेढीत आता ३२ इंची फोर-के आहे. तो लावला त्या दिवशी मुनीमजींना खुर्चीवर बसवले आणि त्या संध्याकाळच्या बोलण्याबद्दल आम्ही त्यांची माफी मागितली. कारागिराला बोल लावण्याआधी त्याच्या हातात कोणते हत्यार दिले आहे, हे मालकाने पाहावे. मॉनिटरच्या खरेदीतून आम्ही शिकलेली ही सर्वांत मोठी गोष्ट.