रविवारची उशिराची न्याहारी



रविवारी सकाळी दहा वाजून गेले म्हणजे दादरच्या गडकरी चौकात ‘आस्वाद’च्या दाराशी, शिवाजी पार्काकडील ‘प्रकाश’पाशी, लालबागच्या ‘लाडू सम्राट’मध्ये अथवा गिरगावात फणसवाडीच्या ‘विनय हेल्थ होम’समोर जी मंडळी आपली पाळी येण्याची वाट पाहत ताटकळत असतात, त्यांत हल्ली केवळ महाविद्यालयीन तरुण नसून सेवानिवृत्त गृहस्थ, शाळेतल्या जुन्या मैत्रिणींचे गट आणि एकाच चाळीत वाढून आता डोंबिवली-बोरिवलीकडे पांगलेले शेजारी असे सर्व वयांचे लोक असतात, आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही हाच विषय निरनिराळ्या निमित्ताने वारंवार उपस्थित होऊ लागला आहे. कोणास मधुमेह आहे, कोणास रक्तदाबाची गोळी चालू आहे, कोणाच्या यजमानांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, आणि प्रश्न सर्वांचा एकच, की मित्रमंडळी दर आठवड्यास नवे उपाहारगृह मुक्रर करतात, तेथे जावे की न जावे? जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र जाण्यापूर्वी काही तजवीज करणे अगत्याचे असून, ती कोणती हे आज सविस्तर सांगावयाचे आहे.

जावे असे म्हणण्यास कारण आहे. साठी उलटल्यावर, विशेषतः नोकरी संपल्यावर किंवा सहचर निवर्तल्यावर, माणसाचे बोलणे दिवसेंदिवस आटत जाते, आणि त्याचा परिणाम केवळ मनावर होतो असे नव्हे. एकाकी माणसाची झोप बिघडते, औषधे वेळेवर घेण्याची शिस्त सुटते, फिरणे थांबते, आणि हृदयविकार व पक्षाघात यांचा धोकाही वाढतो, हे वैद्यकशास्त्रास आता पुरते ठाऊक झालेले आहे. ज्या बाईने सबंध आठवड्यात दूधवाला आणि वाणी यांखेरीज कोणाशी चार शब्द बोललेले नाहीत, तिला रविवारी मैत्रिणींसोबत थालीपीठ खाण्यास मनाई करणारा वैद्य तिच्या साखरेचा आकडा सांभाळील, पण तिची प्रकृती सांभाळणार नाही. म्हणून पथ्याच्या नावाखाली या भेटी मोडू नयेत, असा माझा घरच्या मंडळींनाही आग्रह आहे.

आता ज्या परळ-लालबागात आज आपण हौसेने खावयास जातो, तेथे बाहेर खाणे ही एके काळी हौस नसून निकड होती, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सोपे जाईल. कोकणातून आणि घाटावरून, बायकापोरे गावी ठेवून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत आणि महिनेवारी ठरवून खाणावळवाल्या बाईकडे जेवत. पाळी पहिली असो, दुसरी असो वा रात्रीची, त्या त्या पाळीच्या भोंग्याबरहुकूम ताट वाढण्याचा या बायकांचा शिरस्ता असे. सावकारी कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या याच बायकांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याच्या खटपटीतून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ते सारे जगच हळूहळू उठून गेले. गिरण्यांच्या जागी मनोरे आले, आणि तेलातिखटाचे, मिठाचे, पोटभरीचे खाणे तेवढे मागे उरले. पूर्ण पाळीभर मागापाशी उभे राहून घामाने निथळणाऱ्या देहास ते खाणे मानवत होते. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या देहास ते त्याच प्रमाणात मानवणार नाही, हे उघड आहे. परंतु माझ्या मते अधिक महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. कामगाराचे ताट भोंग्याशी बांधलेले होते, म्हणजे त्याच्या पोटाला आपली वेळ ठाऊक होती; आपली रविवारची न्याहारी कोणत्याच वेळेशी बांधलेली नसते, आणि माझ्याकडे सोमवारी येणाऱ्या तक्रारींपैकी पुष्कळांचे मूळ पदार्थात नसून या बेवक्तपणात असते.

त्याचे एक रूप जरा जवळून पाहू. मधुमेहाचे एक गृहस्थ नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे आठ वाजता ग्लिमेपिराइडची गोळी घेतात, ‘आता अकराला मिसळ खायचीच आहे’ म्हणून घरचा नाश्ता टाळतात, लोकलने दादरला येतात आणि उपाहारगृहाच्या दाराशी रांगेत उभे राहतात. अकराचे साडेअकरा होतात. प्रथम त्यांचे बोलणे थांबते, मग कपाळावर घाम डवरतो, हाताला कंप सुटतो, छातीत धडधड होते, आणि मित्र विचारतात त्याला ते चिडून उत्तर देतात. सोबत्यांना वाटते, उन्हाचा त्रास झाला असावा. वस्तुतः गोळीने आपले काम चोख बजावलेले असते, आणि ज्या अन्नाच्या भरवशावर ती घेतली ते अन्नच पोटात गेलेले नसते. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली म्हणजे ही लक्षणे दिसू लागतात, आणि वेळीच दखल न घेतल्यास माणूस बेशुद्ध पडू शकतो. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ पाजावी, पंधरा मिनिटे थांबावे, उतार न पडल्यास पुन्हा तितकीच द्यावी आणि मग काही भरीव खावयास घालावे. पेढा किंवा लाडू देण्याची लोकांना घाई असते, परंतु त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरण्यास विलंब लागतो, सबब साधी साखरच बरी. रोगी शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे.

हा प्रसंग टाळणे अवघड नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रविवारी औषधाची वेळ कशी सरकवावी हे आपल्या वैद्याकडून आधीच विचारून ठेवावे, आणि ते ठरेपर्यंत आठ वाजता घरी एखादी लहान भाकरी व उसळ अथवा मूठभर फुटाणे व कपभर दूध घेऊनच बाहेर पडावे. खिशात साखरेची पुडी असावी. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना हा धोका सहसा नसतो; त्यांनी ती गोळी खाण्यासोबत घ्यावी म्हणजे पोट बिघडत नाही. थायरॉइडची गोळी मात्र उपाशीपोटी, न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाची असल्याने ती नित्याच्या वेळी घेण्यास काहीच हरकत नाही. रक्तदाबाची गोळी ‘आज रविवार’ म्हणून टाळणारे लोक मला भेटतात, आणि त्यांना मी दर वेळी निक्षून ताकीद देतो: रक्तदाबाला रजा ठाऊक नाही.

हे सर्व वाचून, आपल्याला मधुमेह नाही, तेव्हा आपला यात काय संबंध, असे कोणी म्हणेल तर त्याने थोडे थांबावे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही लोकांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आणि त्या वाटेवर असलेल्यांची सुमारे १३ कोटी ६० लाख असल्याचे आढळले; म्हणजे टेबलाभोवती बसलेल्या मित्रांत असा कोणी ना कोणी असण्याचा संभव बराच आहे, आणि त्यापैकी पुष्कळांना ते ठाऊकही नसते. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीच्या ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल तर उपाशीपोटीची साखर एकदा तपासून घ्यावी.

आता प्रत्यक्ष ताटाकडे वळू. मिसळीला उगाच दूषण देण्याची प्रथा पडली आहे, ती मला मान्य नाही. मोड आलेल्या मटकीची उसळ हे प्रथिने आणि तंतुमय अंश यांनी युक्त असे उत्तम अन्न आहे. २०१५ साली ज्या ‘आस्वाद’च्या मिसळीचा लंडनमध्ये जगातील सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून गौरव झाला, तिच्याही मुळाशी ही साधी उसळच आहे. दोष असतो तो वर तरंगणाऱ्या तर्रीत, मूठभर फरसाणात आणि एकामागून एक मागविल्या जाणाऱ्या मैद्याच्या पावांत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसास दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे चहाचा एक चमचाही नव्हे. फरसाण, रस्सा आणि पाव मिळून त्यातला मोठा वाटा एका बैठकीतच संपवितात. तेव्हा तर्री वेगळ्या वाटीत मागवावी, फरसाण अर्धे ठेवावयास सांगावे, पाव एकावर थांबवावा, आणि कांदा-लिंबू भरपूर घ्यावे. पावसाळ्यात मात्र चिरून उघडा ठेवलेला कांदा आणि सकाळपासून काढून ठेवलेली चटणी वर्ज्य समजावी. पाणी घरचेच न्यावे.

साबुदाणा वडा हा पदार्थ उपवासाचा म्हणून हलका असावा असा सार्वत्रिक समज आहे, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निखळ पिष्ट. त्यात प्रथिने येतात ती दाण्याच्या कुटातून, आणि तळल्यावर तेल येते ते निराळेच. तो चौघांत एक प्लेट घ्यावा. भाजणीच्या थालीपीठात धान्ये आणि डाळी भाजून दळलेल्या असतात, आणि त्यासोबत दही घेतले तर मधुमेह्यासही ही बाजू बरीच सुरक्षित. पियुष मला स्वतःला अतिशय प्रिय आहे, आणि म्हणूनच सांगतो, की श्रीखंडातली साखर पेल्यात उतरते, पुन्हा ती द्रवरूपाने पोटात जात असल्याने रक्तात झपाट्याने चढते. एक पेला आणि चार चमचे मागवावे, जायफळ-केशराची चव तेवढ्याने जिभेला पोचते. मित्रांसोबत खाण्याचा खरा वैद्यकीय लाभ येथेच आहे: सर्व पदार्थ मध्ये ठेवून वाटून खाल्ले तर प्रत्येकास सर्व चवी मिळतात आणि कोणाच्याच पानात अति होत नाही. पाच पदार्थांत तळलेला एकच असावा, एवढा ठराव मागविण्यापूर्वीच करून टाकावा.

मत्स्याहारी मंडळी दादर-परळच्या मालवणी खाणावळींत जातात, त्यांना फार सांगावयाचे नाही. बांगडा आणि तारली यांतील तेल हृदयास हितकर आहे. ते कालवणातून घ्यावे, रव्यात घोळून तळलेल्या तुकडीवर भर देऊ नये, आणि सोलकढीत मीठ किती आहे याकडे लक्ष असावे.

तेलाविषयी दोन शब्द. एकच तेल पुन्हा पुन्हा तापविले म्हणजे त्यात अपायकारक घटक साठत जातात. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून अशा ध्रुवीय घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरण्यास बंदी घातलेली आहे. गिऱ्हाइकास हे मोजता येत नाही, पण कढई दिसत असेल तर तेल काळसर आहे काय, त्यावर फेस धरतो काय, भर आचेआधीच धूर येतो काय, हे पाहता येते, आणि वडा तोंडात घालताच घशाशी खवट खरखर जाणवली तर उरलेला बाजूस सारण्यात कमीपणा मानू नये.

ज्या स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना तो आहे, त्यांनी खाण्याबरोबर किंवा त्या पाठोपाठ चहा घेऊ नये, कारण चहातील टॅनिनमुळे अन्नातील लोह शरीरात पुरेसे शोषले जात नाही. गप्पा लांबल्या की चहा येतोच. तो तासाभराने यावा.

खाऊन झाल्यावर शिवाजी पार्काच्या कट्ट्याला एक संथ फेरी घालावी किंवा गिरगावातून चौपाटीपर्यंत चालत जावे. दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यानेही भोजनोत्तर साखर लक्षणीय खाली राहते. वृद्धांनी मात्र उठण्याची घाई करू नये. भरल्या पोटी रक्ताचा ओघ आतड्यांकडे वळलेला असतो, रक्तदाब काहीसा उतरतो, आणि झटकन उठून जिना उतरू लागलेल्या माणसास भोवळ येते. आधी दहा मिनिटे बसून राहावे, मग एखाद्या तरुण सोबत्याचा हात धरून उतरावे. ज्यांना चालताना छातीत दुखते अशांनी जड खाण्यानंतर लगेच मुळीच चालू नये.

आणि एक गोष्ट मला सर्वांत कळकळीने सांगावयाची आहे. भरपेट खाल्ल्यावर छातीवर दडपण आले, ते जबड्याकडे, डाव्या हाताकडे अथवा पाठीत सरकू लागले, थंड घाम सुटला, श्वास अपुरा वाटला, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पाजण्यात वेळ दवडू नये. मधुमेह्यांत आणि स्त्रियांत पुष्कळदा वेदना नसतेच. नुसती मळमळ, घाबरे होणे आणि कमालीचा थकवा एवढेच लक्षण असते, आणि मिसळीच्या नावावर ते खपून जाते. रोग्यास चालवू नये, बसवून ठेवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येण्यास विलंब दिसला तर टॅक्सीने जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. लालबाग-परळ-दादरकरांना १९२६ पासून के.ई.एम. आहे, आणि त्याचा अपघात विभाग रविवारीही उघडा असतो. सोबत्यांपैकी एकाने रोग्याच्या खिशातील औषधांची चिठ्ठी काढून घ्यावी, त्रास किती वाजता सुरू झाला ते तिच्या पाठीवर लिहावे, आणि दाखल करताना ती तेथील डॉक्टरांच्या हाती द्यावी. ही चिठ्ठी ज्यांच्या खिशात आज नाही, त्यांनी येत्या शनिवारी रात्री ती लिहून ठेवावी: आजार, औषधांची नावे व मात्रा, ज्याची बाधा होते ते औषध, आणि घरच्या एका माणसाचा दूरध्वनी क्रमांक.