टॅब्लेटच्या पोटातला ओळंबा

माझ्या वर्गातला एक विद्यार्थी हर्ण्याचा. त्याचे काका मासेमारीच्या बोटीवर तांडेल आहेत. गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून परत आल्यावर तो मला म्हणाला, “सर, काकांचा टॅब्लेट बिघडलाय. पडद्यावरचं चित्र फिरतच नाही. दुकानदार म्हणतो, आतला सेन्सर गेला, बोर्डच बदलावा लागेल. चार हजार रुपये सांगतोय.”

काका त्या टॅब्लेटवर समुद्राचा नकाशा उघडून ठेवतात. उपग्रहांच्या साहाय्याने बोटीचे स्थान नकाशावर दिसते. रात्री बंदराकडे परतताना किनाऱ्याजवळचे खडक कोठे आहेत हे पाहायला तो उपयोगी पडतो. टॅब्लेट उभा धरला की पुढचा लांबवरचा समुद्र दिसतो. चित्र आडवे राहिले तर मान वाकडी करून नकाशा वाचायचा, आणि तोही अंधारात, एक हात सुकाणूच्या चक्रावर ठेवून! तेव्हा ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. एका रविवारी मी हर्ण्याला गेलो.

सुवर्णदुर्गाच्या बाजूला बोट नांगरून ठेवली होती. लहान होडीतून आम्ही तिच्यावर गेलो. चक्रासमोर एक फळी बसवलेली होती आणि तिच्यावर टॅब्लेट आडवा ठेवलेला होता. काकांनी तो फळीवरच ताटासारखा गोल फिरवून दाखवला. “हा बघा सर, असा फिरवला, तसा फिरवला, ढिम्म!”

मी टॅब्लेट उचलला, छातीसमोर आरशासारखा उभा धरला आणि क्षणभर थांबलो. चित्र गर्रकन फिरून सरळ झाले. पुन्हा फळीवर ठेवून गोल फिरवला, काही नाही. “म्हणजे हा मास्तरांना घाबरतो की काय?” काका म्हणाले. टॅब्लेट कोणाला घाबरत नव्हता आणि बिघडलेलाही नव्हता. काका त्याला जो प्रश्न विचारत होते, त्याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हतेच. असे का, ते आता पाहू.

गवंडी भिंत रचताना ओळंबा लावतो हे तुम्ही पाहिले असेल. दोरीला टांगलेले ते वजन ‘खाली’ कोणती दिशा आहे ते सांगते. टॅब्लेटच्या आतही असाच एक ओळंबा असतो. त्याला त्वरणमापी म्हणतात. दोरीऐवजी त्यात सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म पट्ट्या असतात आणि त्या स्प्रिंगचे काम करतात. या पट्ट्यांनी एक चिमुकले वस्तुमान तोलून धरलेले असते. त्याला कंगव्यासारखे दाते असतात आणि ते दुसऱ्या, स्थिर कंगव्याच्या दात्यांमध्ये शिरलेले असतात. समोरासमोरचे दोन दाते म्हणजे एक धारित्र. टॅब्लेट कलला की वस्तुमान किंचित सरकते, दात्यांमधले अंतर बदलते, त्याबरोबर धारकता बदलते, आणि हा बदल जवळचे विद्युत मंडल मोजते.

‘किंचित’ म्हणजे किती? याचे गणित अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना सहज करता येईल आणि त्यात एक गंमत आहे. स्प्रिंगला टांगलेले वस्तुमान स्वतःच्या भाराने जेवढे खाली उतरते ते अंतर x = g / 4π²n², येथे n म्हणजे त्या वस्तुमानाची नैसर्गिक कंप्रता. सूत्रात वस्तुमान नाहीच! समजा, आपल्या त्वरणमापीची कंप्रता सेकंदाला ४००० आहे. हर्ण्याच्या अक्षांशावर g सुमारे ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग येतो. यावरून x सुमारे ०.०००००००१५५ मीटर, म्हणजे साडेपंधरा नॅनोमीटर येतो. माणसाचा केस याच्या काही हजार पट जाड असतो. ताणकाट्याचा काटा एवढासा हलला तर आपल्या डोळ्यांना कळणारही नाही, पण धारकतेच्या मापनाने तो फरक पकडता येतो.

अशी चकती मुळात टॅब्लेटसाठी तयार झाली नव्हती. मोटारीची धडक बसताच हवेची पिशवी फुगावी यासाठी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचा मोठा उपयोग सुरू झाला. पुढे किंमत उतरली आणि ती खेळण्यांत आली. २००७ साली आलेल्या आयफोनमुळे फोन आडवा केला की चित्र आडवे होते ही गोष्ट घरोघरी पोचली.

आता ओळंब्याची एक खुबी ध्यानात घ्या, कारण पाठ्यपुस्तकात ती बहुधा निसटते. टॅब्लेट टेबलावर पडदा वर करून ठेवा आणि त्वरणमापीचे आकडे पाहा. पडद्याला लंब असलेल्या अक्षावर सुमारे +९.८ दिसेल. चिन्ह अधिक आहे, म्हणजे दिशा वर! गुरुत्वाकर्षण तर खाली ओढते. मग हे कसे? त्वरणमापी गुरुत्वाकर्षण मोजतच नाही. टेबल टॅब्लेटला वर रेटते आणि टॅब्लेट आतल्या स्प्रिंगमार्फत वस्तुमानाला वर रेटतो. मोजला जातो तो हा रेटा. खात्री करायची असेल तर वरून टॅब्लेट जाड गादीवर पडू द्या (घरच्यांची परवानगी घेऊन, आणि गादी खरोखर जाड असेल तरच). पडत असतानाच्या क्षणी तिन्ही आकडे शून्याजवळ येतात. गुरुत्वाकर्षण कोठे गेलेले नाही, आधार मात्र गेला आहे. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवकाशस्थानकात हेच अखंड चालू असते, म्हणून तेथे टॅब्लेटला ‘खाली’ सापडत नाही आणि चित्र आपोआप फिरत नाही. चंद्रावर मात्र ओळंबा चालेल, आकडा फक्त १.६ दिसेल.

हे आकडे पाहण्यासाठी ‘फायफॉक्स’ नावाचे एक मोफत अॅप आहे. जर्मनीतल्या आखेन येथील तांत्रिक विद्यापीठाच्या भौतिकी विभागात ते तयार झाले आणि २०१६ साली सर्वांसाठी खुले झाले. त्यात गुरुत्वासह त्वरण दाखवणारा प्रयोग निवडावा. शाळेतल्या प्रयोगशाळेत एक टॅब्लेट असेल तर शिक्षकांनी हे अवश्य वापरावे. शंभर रुपयांच्या लंबकाइतकाच हा शिकवतो, आणि पोरे त्याला कंटाळत नाहीत.

आता काकांच्या फळीकडे येऊ. टॅब्लेटला तीन अक्ष कल्पा: x रुंदीच्या दिशेने, y उंचीच्या दिशेने आणि z पडद्यातून बाहेर येणारा. टॅब्लेट उभा धरला की सगळा रेटा y वर येतो. आडवा धरला की x वर येतो. कोणत्या अक्षावर किती, हे पाहून टॅब्लेट चित्राची दिशा ठरवतो. पण फळीवर सपाट ठेवला की सगळा रेटा z वर जातो आणि x, y दोन्ही जवळजवळ शून्य होतात. मग तो फळीवर कितीही गोल फिरवा, z वरचा रेटा z वरच राहतो. ओळंब्याच्या दोरीभोवती घर फिरवले तर ओळंब्याला ते कळेल का? काका नेमके हेच करत होते. आधी कधीतरी टॅब्लेट आडवा उचलला होता, चित्र आडवे झाले होते, आणि फळीवर ठेवल्यावर ते तसेच राहिले.

पण फळी अगदी सपाट कोठे असते? ती काकांच्या बाजूला पाच अंश तरी उतरती होती. मग तेवढ्या उताराचा उपयोग का होऊ नये? पाच अंशांच्या उतारावर y चा आकडा ९.७९ × sin ५° = ०.८५ येतो. स्वस्त त्वरणमापीत शून्याचीच चूक अर्ध्या मीटर प्रति सेकंद वर्गाइतकी असू शकते. ही चूक x अक्षावर असेल तर टॅब्लेटला वाटणारी दिशा खऱ्या दिशेपासून तब्बल ३० अंश ढळते. तीच चूक उभ्या टॅब्लेटमध्ये जेमतेम तीन अंशांची ठरते. आता यात समुद्राची भर घाला. बोट डाव्या-उजव्या बाजूला आठ-आठ अंश डुलते आहे असे समजा. x वर ९.७९ × sin ८° = १.३६ येईल, म्हणजे y पेक्षा जास्त! टॅब्लेटने त्यावर विश्वास ठेवला असता, तर नकाशा प्रत्येक लाटेबरोबर डावीकडे आणि उजवीकडे लोळला असता. म्हणूनच हे यंत्र बनवणाऱ्यांनी मुद्दाम अशी सोय केली आहे की टॅब्लेट जवळजवळ सपाट असेल तर त्याने चित्राची दिशा बदलूच नये, जुनी धरून ठेवावी. अनेक टॅब्लेट सपाट स्थितीपासून वीस-पंचवीस अंश तरी उचलल्याखेरीज दाद देत नाहीत. ज्याला आपण बिघाड म्हणत होतो तो शहाणपणा निघाला.

उपाय काय केला, तर फळीवर लाकडाचा एक पाचर ठोकून टॅब्लेट ४० अंशांवर टेकवला. आता y वर ६.२९ येतात. बोट आठ अंश डुलली तरी दिशा १२ अंशांच्या आसपासच ढळते, आणि चित्र आडवे व्हायला त्याच्या कितीतरी पट ढळावे लागते. पाचराला खर्च आला शून्य. काकांनी जुन्या पेटीची फळी कापली.

तुमच्या घरी किंवा शाळेत अशी तक्रार आली तर दुकानाची वाट धरण्यापूर्वी हाच विचार करावा. सर्वात आधी पडद्यावरची ‘फिरणे बंद’ ही खूण पाहावी. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी निम्म्या तेथेच मिटल्या. वरून बोट ओढले की जो पट्टा उघडतो त्यात ती असते आणि चुकून दाबली जाते. २०१० च्या पहिल्या आयपॅडला तर कडेला यासाठी बटणच होते. ती खूण ठीक असेल तर दुसरे अॅप उघडून पाहावे. काही अॅप एकाच दिशेसाठी लिहिलेली असतात आणि ती फिरत नाहीत म्हणून टॅब्लेटला दोष देण्यात अर्थ नाही. काही टॅब्लेटांची मूळ स्थितीच आडवी धरलेली असते. तेव्हा उंची-रुंदीचे अक्ष बदलतात, आणि ज्या अॅपच्या लेखकाने हे लक्षात घेतलेले नसते त्यात चित्र नेमके ९० अंशांनी चुकते. एकाच अॅपमध्ये असे होत असेल तर चूक अॅपची समजावी. यानंतर टॅब्लेट बंद करून पुन्हा चालू करावा. आकडे वाचणारा प्रोग्रॅम कधी कधी अडकून बसतो.

झाकणातल्या लोहचुंबकाने सेन्सर बिघडतो असे पुष्कळ जण सांगतात. सिलिकॉनचा ओळंबा चुंबकाकडे ओढला जात नाही. चुंबकाने चुकते ते होकायंत्र. नकाशात उत्तर दिशा भलतीकडे दिसत असेल तर झाकण काढून पाहावे, आणि बोटीवर इंजिनाचे लोखंड दूर आहे ना तेही पाहावे. पण चित्र उभे-आडवे होणे आणि नकाशातली उत्तर बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काका सुरुवातीला दोन्ही तक्रारी एकाच श्वासात सांगत होते.

एवढे करूनही चित्र फिरले नाही तर ओळंब्याचीच परीक्षा घ्यावी. टॅब्लेट एका कडेवर उभा करून y चा आकडा लिहा, मग उलटा करून पुन्हा लिहा. समजा +९.९३ आणि −९.६५ आले. दोहोंच्या बेरजेचा अर्धा, म्हणजे ०.१४, ही शून्याची चूक, आणि वजाबाकीचा अर्धा, म्हणजे ९.७९, हा खरा आकडा. असेच x आणि z साठी करा. एखादा अक्ष कसाही धरला तरी एकाच आकड्यावर अडून राहिला, किंवा तिन्ही शून्य दाखवू लागले, तर मात्र सेन्सर खरोखर गेला आहे आणि दुकानदाराचे म्हणणे मान्य करावे. काकांच्या टॅब्लेटची ही परीक्षा आम्ही बोटीवर घेतली नाही, किनाऱ्यावर आणून घेतली. ती का, हे तुम्ही सांगू शकाल.

परतीच्या एस.टी.त माझ्या विद्यार्थ्याने टॅब्लेट समोरच्या बाकाच्या पाठीला उभा टेकवून आकडे पाहायला सुरुवात केली. वळणावर x चा आकडा १.८ पर्यंत गेला आणि चित्र मात्र सरळच राहिले. बस ताशी सुमारे २२ किलोमीटर वेगाने जात होती असे धरले, तर त्या वळणाची त्रिज्या किती असावी? आणि ओळंबा त्या वेळी किती अंश कलला असता? वहीत काढून पाहा. पुढच्या प्रवासात खिडकीच्या कडेला चावीची दोरी टांगून पडताळाही घेता येईल.