विहिरीची दोरी आणि आकाशांतील तराजू

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर विहिरीची नोंद असते. तींत पाणी किती खोलीवर आहे याची नसते. महसुलाच्या दप्तरांत आयुष्याचा मोठा भाग गेल्यामुळें ही उणीव प्रस्तुत लेखकास विशेष जाणवते. जमिनीचा गुंठा न् गुंठा आपण मोजून ठेविला. पण ज्या पाण्यावर ओलित अवलंबून, त्या भूगर्भांतील पाण्याचा हिशेब बहुतेक कास्तकार ठेवीत नाहींत. तो कसा करावा व त्या कामीं नवें शास्त्र कोठवर आलें आहे, हें कांहीं कोड्यांच्या साह्यानें येथें सांगावयाचें आहे. कोडीं घरांतील शाळकरी मुलांपुढें अवश्य ठेवावीं. त्रैराशिक येत असलें म्हणजे पुरे.

कोडें पहिलें.— धारणीकडे जमिनीखालीं काळा कठीण खडक आहे. घाट उतरून अकोटकडे गेलें म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यांतील गाळाची खोल भूमि लागते. दोन्ही ठिकाणीं पावसाचें सारखेंच, म्हणजे ४ इंच पाणी मुरलें, तर कोणत्या विहिरीची पातळी अधिक चढेल?

उत्तर असें. खडकाच्या शंभर भागांत पाणी राहून पुन्हां निघूं शकेल अशी जागा सुमारें २ भाग असते. बारीक गाळांत ती सुमारें १० भाग धरतात. तेव्हां ४ इंच पाणी मावण्यास खडकांत २०० इंच, म्हणजे १६ फूट ८ इंच उंची लागेल. गाळांत ४० इंच, म्हणजे ३ फूट ४ इंच पुरे. म्हणून खडकांतील विहीर झपाट्यानें भरते आणि तितक्याच झपाट्यानें उतरते. पातळी पुष्कळ चढली म्हणजे पाणी पुष्कळ झालें, असें नव्हे.

यांतच आपला घात आहे. दसरा-दिवाळीस विहीर तुडुंब दिसते, आणि आपण सगळ्या वावरांत गहूं पेरून मोकळे होतों. गव्हास एका पाळीला अडीच इंच पाणी धरलें, तर पांच पाळ्यांस साडेबारा इंच हवें. एका एकराखालीं खडकांत पावणेसतरा फूट चढलेलें सर्व पाणी उपसलें तरी तें त्या एकरावर ४ इंचच उभें राहील; दोन पाळ्याही होणार नाहींत. एक एकर गहूं हातीं लागण्यास तीन एकरांहून अधिक जमिनीखालचें पाणी ओढावें लागतें, आणि तें पुष्कळदां शेजाऱ्याच्या बांधापलीकडचें असतें.

आतां नव्या शास्त्राकडे वळूं. १७ मार्च २००२ रोजीं अमेरिका व जर्मनी यांनीं मिळून ‘ग्रेस’ नांवाचे दोन जुळे उपग्रह सोडले. एकामागें एक, सुमारें २२० किलोमीटर अंतरानें ते पृथ्वीभोंवतीं फिरत. खालच्या प्रदेशांत वस्तुमान अधिक असलें म्हणजे तेथील ओढ वाढते. पुढचा उपग्रह आधीं ओढला जातो, मागचा मागाहून. त्यामुळें दोघांतील अंतर बदलतें, आणि केसाच्या जाडीहून सूक्ष्म फरकही ते टिपीत. पाणी उपसलें म्हणजे त्या प्रदेशाचें वजन घटतें. तें अशा रीतीनें आकाशांतून कळूं लागलें. राजस्थान, पंजाब व हरयाणा या भागांत २००२ ते २००८ या काळांत सुमारें १०९ घन किलोमीटर भूजल घटलें, असा निष्कर्ष २००९ सालीं याच मोजणीवरून प्रसिद्ध झाला. पहिल्या जोडीचें काम २०१७ सालीं संपलें. २२ मे २०१८ रोजीं नवी जोडी धाडण्यांत आली. परंतु हा तराजू घाऊक मालाचा आहे. शेंकडों किलोमीटर रुंदीचा प्रदेश त्यास एकदम तोलतां येतो. तुमची आमची विहीर त्यास दिसत नाहीं.

कोडें दुसरें.— १० मे २०२५ रोजीं भोपाळ येथें महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांनीं तापी खोरें महापुनर्भरण योजनेच्या करारावर सह्या केल्या. अमरावती जिल्हा व मध्य प्रदेशांतील खालवा तहसील यांच्या सीमेवर, खारिया-गुटीघाट येथें, तापीवर बंधारा घालावा आणि सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या गोटे-वाळूच्या थरांत कालव्यांवाटे पाणी मुरवावें, अशी ही योजना. महाराष्ट्राच्या वांट्यास १९.३६ टीएमसी पाणी व २,३४,७०६ हेक्टर क्षेत्रास लाभ, असे आंकडे जाहीर झाले. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटि घनफूट, आणि एक हेक्टर म्हणजे सुमारें १,०७,६३९ चौरस फूट. हें पाणी सर्व क्षेत्रावर सारखें पसरलें, तर किती उभें राहील?

उत्तर: वाटेंत एक थेंबही न गमावतां, ९ इंचांहून किंचित अधिक. गव्हाच्या चार पाळ्याही नाहींत. पहिल्या कोड्यांतील पावसाचे ४ इंच त्यांत मिळविले तर गव्हाचें कसेंबसें भागेल. केळी किंवा ऊस यांचें भागणार नाहीं. एवढी मोठी योजना झाली तरी हिशेब सुटत नाहीं, तो असा.

कोडें तिसरें.— विहिरींत खडा टाकला आणि दीड सेकंदानें आवाज आला, तर पाणी किती खोल? सेकंदांचा वर्ग करून १६ नें गुणावें: ३६ फूट. पण दीडऐवजीं १.७ सेकंद मोजले गेले, तर उत्तर ४६ फूट येईल! गंमत म्हणून हें ठीक. हिशेबास दोरीच पाहिजे.

शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर अशी वर्षांतून चार वेळां मोजते. आपणही तोच क्रम धरावा. कठड्यावर रंगाची एक कायम खूण करावी. सकाळीं पंप सुरू करण्यापूर्वीं, टोंकास वजन बांधलेली व फुटांच्या खुणा केलेली दोरी सोडून, खुणेपासून पाण्यापर्यंतचें अंतर तारखेसह वहींत लिहावें. मुलांस हें काम द्यावें, पण जवळ मोठें माणूस असावें. गहूं किती एकर पेरावयाचा, तें ऑक्टोबरचा आंकडा पाहूनच ठरवावें.

शेवटचें कोडें विद्यार्थ्यांसाठीं ठेवितों. ऑक्टोबरांत १० फुटांवर असलेलें पाणी मे महिन्यांत ३० फुटांवर गेलें. भूमि खडकाळ आहे. तर शेताखालून किती इंच पाणी गेलें? उत्तर ५ इंचांच्या आंत आलें पाहिजे. तें जुळलें म्हणजे त्याच जागीं आपल्या विहिरीचे आंकडे घालून पाहावे.