क्रीटमध्ये व्हिला घेताना

ग्रीसच्या क्रीट बेटावर, हानिया शहराच्या पूर्वेला आपोकोरोनास नावाचा टेकड्यांचा भाग आहे. ऑलिव्हच्या बागा, खाली समुद्र, मागे लेफ्का ओरीचे उंच डोंगर. आईबाबा, मुलं, बहिणीचं कुटुंब असं सगळं गणगोत घेऊन तिथे राहायचं तर व्हिलासारखी सोय नाही. मात्र घर निवडताना वारा, चढ आणि गाव आधी बघावं, फोटो नंतर, असं माझं ठाम मत आहे.

१. आधी वारा विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो आणि क्रीटच्या उत्तर किनाऱ्याला तो थेट लागतो. समुद्राकडे उघडी गच्ची फोटोत देखणी दिसते, पण वारा सुटला की तिथली छत्री मिटवावी लागते, कागदी रुमाल अंगणभर होतात आणि पाण्यातून बाहेर आलेली मुलं कुडकुडतात. म्हणून मी मालकाला विचारते, तुम्ही स्वतः दुपारचं जेवायला कुठे बसता? घराच्या दक्षिणेला, भिंतीच्या आडोशाला द्राक्षाचा मांडव असला तर माझं निम्मं काम झालं.

२. आपल्या शाळांना सुट्टी मे महिन्यात. तेव्हा डोंगरमाथ्यावर अजून बर्फ दिसतो आणि समुद्र गारच असतो. स्विमिंग पूल तापवून मिळेल का, त्याचे वेगळे किती, हे बुकिंगआधीच ठरवून घ्या. मुलांच्या शाळेचं बंधन नसेल तर सप्टेंबरच घ्यावा. पाणी चांगलं कोमट असतं आणि गर्दी ओसरलेली असते.

३. पूलला कुंपण बहुतेक ठिकाणी नसतं. घरात चिमुरडं असेल तर एवढ्या एका कारणासाठी मी घर नाकारते.

४. फाटकापासून झोपायच्या खोलीपर्यंतचा व्हिडिओ मागवा. फोटोत चढ कळत नाही, आणि आईच्या गुडघ्यांना तोच महत्त्वाचा. तळमजल्यावर एक खोली आणि न्हाणीघर हवंच.

५. जाहिरातीत सरकारी नोंदणी क्रमांक हवा. तो नसेल तर पुढे जाऊ नये. शेंगेन व्हिसासाठी राहण्याचा पुरावा लागतो, म्हणून व्हिसा हाती येईपर्यंत फुकट रद्द करता येईल असंच बुकिंग करावं. शिवाय २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात ८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या स्वतंत्र घराला रात्रीमागे १५ युरो सरकारी आकार पडतो. तो भाड्यात धरलाय का, ते विचारा. गाडी चालवणार असाल तर इथूनच आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या.

६. उन्हाळ्यात दुपारी ३ ते ५.३० ही तिथे शांततेची वेळ, तीही कायद्याने. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांची ती झोपेची वेळ असते. मुलांना आत पत्ते खेळायला बसवावं. हे आपण मनापासून पाळलं की गाव आपल्याला पाहुणा मानतं.

७. शनिवारी हानियातल्या मिनोस रस्त्यावर शेतकऱ्यांचा बाजार भरतो. सकाळी लवकर गाठावा. उन्हाळ्यात तिथे व्लिता नावाची पालेभाजी मिळते; ती आपल्या माठाचीच जात. तिथले लोक ती उकडून वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू घेतात. आम्ही गेलो तेव्हा आईने जुडी हातात घेतली, देठ मोडून पाहिला, कोवळा आहे म्हणाली आणि दोन जुड्या पिशवीत टाकल्या. संध्याकाळी तिने लसणाची फोडणी देऊन परतली. घरमालकीण लिंबं द्यायला आली होती, ती उभ्या उभ्या वाटीभर खाऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिने तिच्या परसातला व्लिता आणून दिला. हॉटेलात हे कुठून मिळणार? शेगडी इंडक्शनची आहे का, हे मात्र आधी विचारा. असेल तर अॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही, इंडक्शनवर चालणारा स्टीलचा न्यावा.

८. सांडपाण्याचे पाइप अरुंद असतात. संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना, मुलांनाही, सांगावं. गरम पाणी छतावरच्या सौर टाकीचं असतं, तेव्हा आंघोळी दुपारनंतर उरका.

९. आल्या आल्या मालकासमोरच घराचा व्हिडिओ काढा: भिंतीवरचे डाग, तडा गेलेली फरशी, तुटकी खुर्ची. अनामत परत घेताना वाद होत नाही.