सातबारा नसताना बी.एस्सी. ॲग्री

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले की रोडपालीतून, कळंबोलीच्या सेक्टरांमधून कुणी ना कुणी माझ्याकडे येतं. मुलासोबत आई असते, कधी मामा असतो. ‘ताई, मेडिकलला नंबर लागत नाही, इंजिनीअरिंगला जायचं नाही. बी.एस्सी. ॲग्री कसं आहे?’ मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. कुठल्या कॉलेजात आणि कशासाठी, एवढं आधी विचारते. माझ्या वेळी आमच्या घरात या दोन्ही प्रश्नांची उत्तरं कुणाकडे नव्हती आणि विचारायला जावं असं माणूसही गावात नव्हतं.

आमच्या गावात शेतीचं शिक्षण ही गोष्टच चमत्कारिक वाटावी अशी परिस्थिती. १९७० मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी संपादित झाल्या. त्यात रोडपालीही होती. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्याला आंदोलक शेतकऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. आजोबांची भातखाचरं आणि खाडीकडची खारजमीन जिथे होती तिथे आता इमारती आणि ट्रकचे तळ आहेत. वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला लागले. साडेबारा टक्क्यांतल्या आमच्या हिश्श्याचे जे पैसे आले त्यातून माझी फी भरायची ठरलं, तेव्हा आजी म्हणाली, ‘जमीन त गेली, आता शेतीचा शिकून काय करशील?’

तिचा प्रश्न रास्त होता. मला त्याचं उत्तर मिळायला पदवीनंतरही बराच काळ गेला.

पहिला फटका प्रवेशातच बसला. कृषी पदवीच्या गुणवत्ता यादीत शेतकरी कुटुंबातल्या मुलांना सातबाऱ्याच्या आधारे अधिभार मिळत आला आहे. पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवलेल्या घरातली मी, पण आमच्या जमिनीच्या उताऱ्यावर नाव सिडकोचं. त्यामुळे माझ्याइतकेच गुण असलेली घाटावरची मुलं यादीत माझ्या वर गेली. आपल्याकडच्या मुलांनी म्हणूनच सीईटीचा फॉर्म भरण्याआधी घरातली कागदपत्रं काढून बसावं. प्रकल्पग्रस्त दाखला कुणाच्या नावावर निघाला आहे, तो आधी कुठे वापरला गेला आहे का, आईच्या माहेरकडे वडिलोपार्जित जमीन आहे का आणि ती चालते का, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत शब्दन्‌शब्द वाचून ठरवावं. नियम बदलतात. एजंट सांगतो ते नियम मागच्या वर्षीचे असतात किंवा त्याच्या सोयीचे.

राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत: राहुरी, अकोला, परभणी आणि आपल्या कोकणासाठी दापोली. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चं. प्रत्येक विद्यापीठाची स्वतःची महाविद्यालयं असतात आणि त्याला संलग्न अशी खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयं असतात. पदवीच्या कागदावर दोघांकडे नाव विद्यापीठाचंच येतं, म्हणून पालकांना वाटतं की फरक फक्त फीचा आहे. मला मिळालं ते घाटावरचं एक विनाअनुदानित कॉलेज. इमारत चकचकीत होती. प्रक्षेत्र म्हणून दाखवलेली जमीन मात्र बरीचशी पडीक, मृदाशास्त्राच्या प्रयोगशाळेतला क्षारता मोजायचा मीटर बंद, आणि एकच सर कृषिविद्याही शिकवायचे, विस्तार शिक्षणही. सर मनापासून शिकवायचे, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कीटकशास्त्राचं पुस्तक पाठ करणं आणि खोडकिड्यानं पोखरलेला भाताचा फुटवा हातानं उपटून आतली अळी पाहणं यांत जो फरक आहे, तोच पुढे मुलाखतीत उघडा पडतो.

म्हणून कॉलेज पाहायला जाल तेव्हा रिसेप्शनवर बसून माहितीपत्रक चाळू नका, थेट शेतावर जा. विहिरीला किंवा बोअरला पाणी आहे का, उभं पीक कुणी लावलंय, विद्यार्थ्यांनी की गड्यांनी, हे विचारा. खाजगी कॉलेजांचं मूल्यांकन होऊन त्यांना श्रेणी दिली जाते, ती कोणती आहे ते विचारा. भारतीय कृषी संशोधन परिषदेची अधिस्वीकृती आज आहे की संपली आहे, हेही विचारायला हवं. माझ्या वर्गातल्या ज्यांना एम.एस्सी.ला राज्याबाहेर जायचं होतं, त्यांच्या वाटेत नेमका हाच मुद्दा आडवा आला. पहिल्या वर्षाला कुणी त्याचं नावही घेतलं नव्हतं.

अभ्यासक्रमाबद्दल मात्र माझं मत पक्कं चांगलं आहे. आठ सत्रांत माती, पाणी, बी, कीड, रोग, बाजार, कर्ज, माणूस असं सगळं येतं. शेवटच्या वर्षी ‘रावे’ असतं, म्हणजे गावात राहून काम. गावकरी तुम्हाला कृषिदूत, कृषिकन्या म्हणतात. बरेच जण ते सत्र वहीत भरून टाकतात. तसं करू नका. मातीचा नमुना कसा घ्यायचा हे मी तिथे खऱ्या अर्थानं शिकले. शेतात नागमोडी चालायचं, वरचा पालापाचोळा बाजूला सारायचा, व्ही आकाराचा खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाजवळची, झाडाखालची, खताचा ढीग होता तिथली माती घ्यायची नाही. हे चुकलं तर पुढची सगळी प्रयोगशाळा खोटं बोलते. एका ऊस उत्पादक काकांनी मला चार ठिकाणी थांबवून ‘इथली का नको?’ असं विचारलं होतं. त्यांना उत्तर देता देता जे समजलं ते कुठल्याही नोट्समध्ये नव्हतं.

आणि एक गोष्ट मला कॉलेजात नव्हे, सुट्टीत पनवेलला कळली. पनवेलमध्ये दापोली विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे. आमच्या घरापासून इतकं जवळ, आणि गावात त्याबद्दल कुणी बोलताना मी ऐकलं नव्हतं. समुद्राचं पाणी शिरून खारावलेल्या जमिनीत तग धरणारं भात तयार करणं हे त्या केंद्राचं काम. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे वाण तिथलेच. खारजमिनीत पूर्वापार पेरला जाणारा ‘राता’ भात, त्यातून निवडलेला ‘भुरा राता ४-१०’ आणि जगभर गाजलेला ‘आयआर-८’ यांच्या संकरातून पनवेल-१ उभा राहिला. राता आमच्याकडे आजोबांच्या काळापर्यंत पेरत. खाडीच्या बांधावर उघाडी असायची, भरतीला तिचं दार मिटायचं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर पडायचं. खार धुवून निघाला की भात. आमच्या माणसांनी निवडून, जपून, पेरून ठेवलेलं बियाणं शास्त्रज्ञांच्या संकराचं एक पालक झालं होतं. हे मला आधी माहीत असतं तर मी वनस्पती प्रजननशास्त्रात एम.एस्सी.चा विचार केला असता. समुद्राची पातळी वाढते आहे, बांध फुटताहेत, कांदळवनं पुढे सरकताहेत. कोकणात खारजमिनीचा प्रश्न संपणारा नाही. या विषयात काम करायला खाडीकाठच्या पोरांइतकी लायक मुलं कुठे मिळतील?

पण शेवटच्या वर्षाला माझ्या वर्गात संशोधनाचं कुणी बोलत नव्हतं. सगळे पुण्याला निघाले होते. मीही गेले. सदाशिव पेठेतली खोली, मेसचा डबा, रात्री बंद होणारी अभ्यासिका आणि महाराष्ट्र कृषी सेवेच्या जाहिरातीची वाट. जाहिरात कधी निघेल, किती पदांची निघेल, कशाचं काहीच निश्चित नसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये कृषी विभागाची २५८ पदं राज्यसेवेच्या परीक्षेत धरावीत म्हणून पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. २५ ऑगस्टच्या पूर्वपरीक्षेच्या दिवशीच बँकांची परीक्षाही येत होती, आणि पूर्वपरीक्षा पुढे ढकलावी लागली. ती बातमी पाहताना मला त्यातले चेहरे ओळखीचे वाटले. तिशीच्या जवळ आलेले, घरी खोटं न बोलता खरंही न सांगणारे. तालुका कृषी अधिकारी हे पद उत्तम आहे, त्यासाठी जरूर प्रयत्न करा. पण किती वेळा परीक्षा द्यायची हे पुण्याची गाडी पकडण्याआधी घरात सगळ्यांसमोर ठरवा, आणि सोबत दुसरी परीक्षा चालू ठेवा. बँकेतलं कृषी क्षेत्र अधिकारी हे पद आयबीपीएसमधून भरलं जातं. त्याला कृषी, उद्यानविद्या, मत्स्यशास्त्र, दुग्धशास्त्र अशा चार वर्षांच्या पदव्या चालतात आणि खुल्या गटाला वयाची मर्यादा तीस आहे. ही तीस वर्षं पुण्यात फार लवकर होतात.

त्याच काळात मला एक प्रस्ताव आला, आणि तुमच्याकडेही येईल. कीटकनाशकं विकण्याच्या परवान्यासाठी आता कृषी किंवा संबंधित शास्त्राची पात्रता असलेली व्यक्ती लागते. एका दुकानदारानं विचारलं, ‘ताई, सर्टिफिकेट तेवढं लावू द्या, दुकानात यायचंसुद्धा नाही, महिन्याला पैसे घरपोच.’ हातात पैसा नसताना हे मोहाचं वाटतं. पण कीटकनाशक कायद्यापुढे जबाबदार माणूस म्हणून तुमचं नाव उभं राहतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आठवा. काउंटरवर कुठली दोन औषधं एकत्र मिसळून दिली जाताहेत हे ज्या दुकानात तुम्ही पाहू शकत नाही, तिथे तुमचं नाव भिंतीवर टांगू देऊ नका. दुकान टाकायचं असेल तर स्वतःचं टाका. ॲग्री क्लिनिक योजना २००२ पासून आहे. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेमार्फत ४५ दिवसांचं मोफत प्रशिक्षण, नंतर बँकेचं कर्ज, त्यावर सर्वसाधारण गटाला ३६ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के अनुदान. पनवेलच्या आसपास शेतं कमी झाली, पण रोपवाटिका, सोसायट्यांच्या बागा, फार्महाऊसची आमराई यांना जाणता माणूस हवाच असतो.

माझी वाट निघाली ती वाशीतून. रोडपालीहून वाशीचं मार्केट एका बसच्या अंतरावर, न्हावाशेवा बंदर त्याच टप्प्यात. देशाचा केवढा तरी शेतमाल आमच्या दारावरून परदेशी जातो आणि त्याच्या प्रत्येक पेटीमागे कृषी पदवीचं काम असतं. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानं फळमाशीसारख्या किडी सापडल्यामुळे आपला आंबा आणि वांगी, कारली, पडवळ, अळू बंद केले. जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठवायचं ठरलं, पण त्यासाठी तपासणी आणि प्रक्रिया काटेकोर कराव्या लागल्या. युरोपला जाणाऱ्या आंब्यासाठी ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभराची प्रक्रिया आहे, अमेरिकेला जाणाऱ्याला किमान ४०० ग्रे मात्रेचं विकिरण. वाशीत कृषी पणन मंडळाची अशी सुविधा केंद्रं आहेत. मी एका निर्यातदाराच्या पॅकहाऊसमध्ये लागले. पहिल्या मोसमात रात्रपाळी, हातात सुरी, समोर हापूसच्या पेट्या. फळ कापून साका, म्हणजे आतला गर बिघडलेला, आहे का पाहायचं, देठाशी अळीचं छिद्र शोधायचं, बागेचा नोंदणी क्रमांक पेटीशी जुळवायचा. पगार सुरुवातीला बेताचा होता. पण दोन-तीन मोसमांत हातात असं कौशल्य आलं की पुढे कीटकनाशकांचे उर्वरित अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मला मुलाखतीत फारसं काही सिद्ध करावं लागलं नाही. आज मी तेच काम करते आणि ते मला मनापासून आवडतं.

अशी कामं इथे आणखी आहेत, मुलांना ती दिसत नाहीत एवढंच. अन्नसुरक्षा अधिकारी पदाला कृषी शास्त्राची पदवी चालते. पनवेल महानगरपालिका २०१६ मध्ये झाली, तिच्या हद्दीतल्या बागा आणि झाडं कुणी तरी शास्त्र जाणणाऱ्यानं पाहायला हवीत. आणि आगरी-कोळी घरातल्या मुलांना मी मुद्दाम सांगते, ॲग्रीच्या शेजारी मत्स्यशास्त्र आहे. रत्नागिरीला शिरगावचं महाविद्यालय आणि उच्च शिक्षणासाठी वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था. आपण खाडीत लहानपणी जे शिकतो ते तिथे वाया जात नाही.

मुलींच्या आईवडिलांची वेगळी चिंता असते: फिल्डवर एकटी कशी जाणार? खत-बियाणं कंपन्यांच्या विक्रीच्या नोकऱ्यांत दुचाकीवर रोज तालुकाभर फिरणं, दुकानदारांकडून उधारी वसूल करणं, महिन्याचं टार्गेट हे सगळं आहेच, आणि कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या मुलींना अजूनही मागे ठेवतात. हे लपवून मी कुणाला प्रवेश घ्यायला लावत नाही. पण प्रयोगशाळा, गुणवत्ता तपासणी, वनस्पती विलगीकरण, बँक, ऊतिसंवर्धन या ठिकाणी माझ्या ओळखीतल्या मुली वर्षानुवर्षं काम करताहेत.

या जूनमध्ये ज्यांना ठरवायचं आहे त्यांनी आधी एक काम करावं. पनवेलच्या खारभूमी केंद्रावर आणि जमलं तर कर्जतच्या भात संशोधन केंद्रावर, रीतसर परवानगी घेऊन, मुलाला अर्धा दिवस न्यावं. पेरणी-लावणी चालू असेल, चिखल असेल, गमबूट घातलेले शास्त्रज्ञ बांधावर उभे असतील. परत येताना गाडीत मुलगा काय विचारतो ते ऐका. भाताबद्दल, मातीबद्दल काही विचारत असेल तर फॉर्म भरा. त्यानं फक्त सरकारी जागा किती निघतात एवढंच विचारलं, तर माझ्याकडे या, आपण दुसऱ्या पदव्यांबद्दल बोलू.