नळीची निगा आणि लघवीचा नमुना

शस्त्रक्रियेनंतर किंवा अतिदक्षता विभागात अनेक रुग्णांना लघवीची नळी, म्हणजेच कॅथेटर, बसवावी लागते. नळी उपकारक खरी. पण जंतूंनाही तीच वाट मिळते. नळी राहील त्या प्रत्येक दिवशी लघवीत जंतू शिरण्याची शक्यता सुमारे ३ ते ७ टक्के असते. म्हणून आमच्या परिचारिकांच्या प्रशिक्षणात रोजचा पहिला प्रश्न असतो : ही नळी आज काढता येईल काय?

नळी आणि पिशवी यांचा सांधा विनाकारण उघडावयाचा नाही, हा दुसरा दंडक. पूर्वी नळी उघड्या भांड्यात सोडीत, तेव्हा चार दिवसांत बहुतेक रुग्णांच्या लघवीत जंतू होत. १९६० च्या दशकात बंद पिशवीची पद्धत रूढ होऊ लागली आणि हे चित्र पालटले. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीस न टेकता टांगावी. रुग्णास एक्स-रेसाठी नेताना नातेवाईक काळजीपोटी पिशवी त्याच्या पोटावर ठेवतात. त्यामुळे साचलेली लघवी उलट आत जाऊ शकते.

नमुना पिशवीतून कधीही घेऊ नये. तेथे तासन्‌तास साचलेल्या लघवीत जंतू वाढलेले असतात. ती कल्चरसाठी पाठविल्यास अहवालात पिशवीतील जंतू उतरतात आणि नको असलेली महागडी प्रतिजैविके सुरू होतात. पैठण-सिल्लोडकडून आलेल्या शेतकरी कुटुंबास तो भुर्दंड सोसवत नाही. शिवाय औषधास न जुमानणारे जंतू तयार होतात, ते वेगळेच. यास्तव नळीवरील ठरावीक जागा स्पिरिटने पुसून, वाळू देऊन, निर्जंतुक सिरिंजने लघवी काढली जाते. त्यासाठी नळीस खाली लावलेला चिमटा लगेच काढावयाचा असतो. लघवी केवळ गढूळ दिसते, एवढ्यावरून कल्चर पाठविणे आम्हांस मान्य नाही. ताप किंवा अन्य लक्षण हवे.

नळी नसलेल्या रुग्णाने जागा स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून मधल्या धारेची लघवी द्यावी. घरच्या औषधाच्या बाटलीत भरून, वैशाखाच्या उन्हात एस.टी.ने आणलेला नमुना कल्चरसाठी निरुपयोगी असतो. अनुकूल उबेत काही जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात. नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचावा, अन्यथा फ्रिजमध्ये ठेवावा. निर्जंतुक डबी वॉर्डातील परिचारिकेकडून मागून घ्यावी आणि तिच्या आतल्या कडेस बोट लावू नये.